मेटल डिटेक्टर घ्यावा की सोनोग्राफी?

तासगाव भागात प्रॅक्टिस करणाऱ्याला तार गिळलेलं जनावर नवं नाही. द्राक्षबागेचा मांडव दुरुस्त झाला की तारेचे बोटभर तुकडे बांधावर पडून राहतात. तिथलंच गवत कुट्टीत जातं आणि तार जाळीपोटात, म्हणजे जनावराच्या पोटातल्या हृदयालगतच्या कप्प्यात. नव्यानं काम सुरू करणारे डॉक्टर विचारतात, पहिला खर्च कशावर करू? मी दोन्ही वापरलंय. आधी पाच वर्षं डिटेक्टर, मग सोनोग्राफी.

डिटेक्टर स्वस्त आणि हलका. कोपराच्या मागं, छातीखालून फिरवला की दोन मिनिटांत काम. आवाज मालकाला स्वतःला ऐकू येतो, त्यामुळं त्यालाही पटतं. पण माझं मन उडालं ते या आवाजावरूनच. तो वाजतोच. रवंथ करत बसलेल्या, 20 लिटर दूध देणाऱ्या गायीलाही वाजतो, कारण जाळीपोटाच्या तळाशी खिळे पडून असणं आपल्याकडं नेहमीचं. गिळलेलं लोखंड धरून ठेवायला आधी कुणी लोहचुंबक पोटात सोडलेलं असेल तर विचारूच नका. लोखंड आहे एवढं तो सांगतो. ते टोचलंय का, टोचून कुठवर गेलंय, हे सांगत नाही.

एका संकरित गायीच्या वेळी 'वाजतंय की डॉक्टर, काढून टाका' या आग्रहापुढं मी नमलो आणि कोठीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, उघडलं. हाताला लागलं चुंबक, त्याला चिकटलेले चार बोथट खिळे. कुठं भोक नाही की सूज नाही. आठव्या दिवशी गाय गेली. पोस्टमॉर्टेममध्ये यकृतात मोठं गळू निघालं. मोकळं दावं हातात घेऊन गायीच्या मालकीण मावशी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्या वर्षी मी सोनोग्राफीच्या मशिनसाठी कर्ज काढलं.

सोनोग्राफीतही तार सहसा दिसत नाही, हे आधीच सांगतो. जाळीपोटातला वायू आतलं काही उमटू देत नाही. तारेसाठी एक्स-रेच लागतो, आणि त्यासाठी आजारी जनावर टेम्पोत घालून लांब न्यावं लागतं. सोनोग्राफीत दिसतं ते तारेनं केलेलं नुकसान. निरोगी जाळीपोट मिनिटाला साधारण एकदा, दोन टप्प्यांत आकसतं. मी तीन मिनिटं नुसता बघत बसतो. ते मंदावलं असेल, बाजूला फायब्रिनचे (सुजेतून तयार होणारे) धागे किंवा गळू असेल, तर उत्तर मिळालं. हृदयाभोवती काळं पाणी आणि त्यात हलणारे धागे दिसले तर ऑपरेशनचा खर्च करू नका, असं मालकाला तिथंच सांगता येतं. उजव्या बाजूनं बरगड्यांमधून यकृतही बघून होतं.

म्हशीत तर माझ्या मते प्रश्नच उरत नाही. व्यायच्या आगेमागे वरचेवर पोट फुगणारी, शेण कमी आणि काळपट टाकणारी म्हैस असेल तर डायफ्रॅमॅटिक हर्नियाची, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा फाटल्याची, शंका घ्यावीच. जाळीपोट पडद्याच्या पुढं, हृदयाशेजारी सरकलेलं स्क्रीनवर दिसतं. डिटेक्टरला ते कसं कळणार?

त्रास आहेच. केस भादरा, चिखल धुवा, जेल लावा. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून मी डोक्यावर घोंगडं घेऊन बघतो. डावीकडं कोठीपोटातल्या वायूमागं काही दिसत नाही. हात बसायला मला वर्ष लागलं. किंमतही लाखांत जाते. तुमचं काम मुख्यतः गाभण तपासणीचंच असेल तर रेक्टल प्रोबवर (गुदद्वारातून आत घालायच्या) भागेल, पण त्याची खोली जाळीपोटासाठी बऱ्याचदा पुरत नाही. पोटाच्या केसेस करायच्या असतील तर 3.5 मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स (बाकदार तोंडाचा) प्रोब सोबतच मागवून घ्या. मी नंतर घेतला, तोवर दीड वर्ष वाया गेलं.

डिटेक्टर अजून गाडीत असतो. नवं चुंबक द्यायच्या आधी, आत लोखंड आहे का, एवढं बघायला काढतो; ते जुनं चुंबकच आहे का, हे मात्र होकायंत्रानं कळतं.