मांड्या धरल्यावर: हळदीचं दूध, मिरीवाली कॅप्सूल की फायटोसोम?

सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या चढावर दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतारामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्याला बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणंही नको होतं. हळदीतला मुख्य गुणकारी घटक म्हणजे करक्युमिन; त्याच्या गोळ्या नेमक्या याच दुखण्यासाठी खपतात.

हळदीचं दूध या शर्यतीत नाहीच. हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत (३ ग्रॅम) जेमतेम ९० मिलिग्रॅम. दूध प्या जरूर, त्यातली प्रथिनं कामी येतील.

'९५ टक्के अर्क' लिहिलेल्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळदीइतकं करक्युमिन असतं. अडचण अशी की ते रक्तात फारसं पोचतच नाही. म्हणून त्यात मिरीतलं पाइपरीन घालतात. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पाइपरीन दिलं, तेव्हा शोषण २००० टक्के वाढलं. डब्यांवर मिरवणारा आकडा तो हाच. पण मूळ प्रमाण जवळपास शून्य होतं, हे डब्यावर कुणी छापत नाही! शिवाय पाइपरीन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं. फिटची फेनिटॉइन किंवा रक्तदाबाची प्रोप्रानोलॉल चालू असेल तर ही कॅप्सूल नकोच.

फायटोसोममध्ये करक्युमिन लेसिथिन या स्निग्ध पदार्थाशी बांधलेलं असतं. १ ग्रॅममध्ये ते फक्त २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण शोषण चांगलं होतं आणि मिरी लागत नाही. किंमत मात्र चढी.

फायदा किती? चाचण्या छोट्या, बहुतेक तरुण पुरुषांवरच्या. काहींत दुखणं थोडं कमी झालं, पण ताकद लवकर परत येते का, यावर निकाल एकसारखे नाहीत. घ्यायचंच असेल तर मी शर्यतीच्या आठवड्यापुरतं फायटोसोम घेईन, महिनोन्‌महिने नाही. इटलीत यकृताला इजा झाल्याच्या घटनांनंतर अशा उत्पादनांवर इशारा छापणं बंधनकारक झालं. रक्त पातळ करण्याची औषधं, पित्ताशयातले खडे, यकृताचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पैसे वाचवायचे असतील तर शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा बेताने उतारावर पळून घ्या. स्नायू सरावतो आणि पुढच्या वेळी बराच कमी दुखतो. आणि पळून आल्यावर दुखणं असह्य झालं किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर कुठलीही गोळी न शोधता थेट दवाखाना गाठा.