डेबियन दीड वर्ष वापरलं, भांडण मात्र अवतरणचिन्हांवरून

परवा लाईट गेली ती नेमकी दुकानातल्या कॉम्प्युटरवर ॲप्ट अपग्रेड चालू असताना. डेबियन म्हणजे लिनक्सचा एक मोफत प्रकार, आणि ॲप्ट म्हणजे त्यातले प्रोग्रॅम (पॅकेजं) उतरवून बसवणारं साधन. अंबाजोगाईत लाईट जाणं काही नवीन नाही, पण ऐन लग्नसराई, दुकानातला इन्व्हर्टर म्हातारा आणि तीन पत्रिका छपाईला अडकलेल्या. लाईट आल्यावर मशीन लावलं, तर ॲप्ट म्हणतंय की आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. डीपीकेजी म्हणजे ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष पॅकेजं बसवणारं. चालवलं. अर्धवट लटकलेली पॅकेजं एकेक करत बसली. उतरवलेल्या फायली कॅशमध्ये तशाच होत्या, एक एमबीसुद्धा परत लागला नाही. मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवर दुकान चालवणाऱ्यालाच याचं मोल कळतं.

माझी पद्धत सांगतो. अपडेट म्हणजे नुसत्या याद्या, अपग्रेड म्हणजे माल. रात्री साडेअकराला पॅकमध्ये जे उरलंय त्यात 'अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' लावायचं आणि सकाळी बसवायचं. बाराला वाया जाणारा डेटा कामी येतो.

आता माझ्या दुखण्याबद्दल. एलएस ही फायलींची यादी दाखवणारी आज्ञा. ते मारलं की नावात जागा (स्पेस) असलेल्या प्रत्येक फायलीला एकेरी अवतरणचिन्हं! 'देशमुख पत्रिका', 'पाटील बॅनर'. आमच्या धंद्यात सगळ्याच नावांत जागा असते, त्यामुळं पडदाभर नुसती चिन्हंच. महिनाभर डोकं फिरलं. शेवटी ठरवलं, हे कुणी आणि का केलं ते मुळातच बघायचं.

एलएस कुठल्या पॅकेजातलं? आज्ञा कुठं ठेवलीय ते सांगणाऱ्या 'व्हिच'नं पत्ता दिला /यूएसआर/बिन/एलएस. तोच 'डीपीकेजी -एस'ला (मोठा एस) दिला, तर असं काही सापडत नाही म्हणे! जे रोज चालवतो तेच सापडत नाही? तेव्हा डेबियन १२ होतं. बिन फोल्डर यूएसआरमध्ये विलीन झालेलं, पण पॅकेजाच्या नोंदीत जुनाच पत्ता, /बिन/एलएस. तो दिल्यावर उत्तर आलं, कोअरयुटिल्स. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव राहावं तसा प्रकार.

मग त्याचा मूळ कोड उतरवायला 'ॲप्ट सोर्स कोअरयुटिल्स'. तर म्हणे माल कुठून घ्यायचा त्या यादीत डेब-एसआरसीची, म्हणजे मूळ कोडाची, ओळ टाका. ती ओळ आधी होतीच की! डेटा वाचवायला मीच तिच्यापुढं हॅश (#) टाकून ती बंद ठेवली होती आणि विसरलो. हॅश काढला, परत अपडेट केलं, तर फायली उतरल्या पण उघडेनात, कारण ते उघडायला लागणारं डीपीकेजी-डेव्ह पॅकेज नव्हतं. तेही घेतलं. एवढ्या खटाटोपानंतर मूळ कोड निघाला जेमतेम पाच-सहा एमबीचा. व्हॉट्सॲपवर येणारा हळदीचा व्हिडिओ याहून मोठा असतो.

सी भाषा मला येत नाही, पण त्यातली 'न्यूज' नावाची फाईल साधी वाचता येते. ८.२५ आवृत्तीच्या नोंदीत सरळ लिहिलेलं होतं, की एलएस आता नावं अशी दाखवतं जी तशीच शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करतो तिथं, वापरता येतात. ही आवृत्ती २०१६ ची. नको असेल तर '-एन' (मोठा एन) लावा. लावलं, एलएस म्हटलं की '-एन' आपोआप लागेल असं कायमचं एलियस करून टाकलं आणि जिंकल्यागत वाटलं.

पंधरा दिवस टिकलं ते. दुकानात बसणाऱ्या भाच्यानं पडद्यावर दिसलं तसं आरएम या फायली पुसणाऱ्या आज्ञेपुढं टाइप केलं, 'देशमुख जुनी.एसव्हीजी', चिन्हांशिवाय. शेलनं त्याची दोन नावं धरली. 'देशमुख' नावाची फाईलच नव्हती, पण 'जुनी.एसव्हीजी' होती. ती गेली. आमच्या बॅनरचा मूळ साचा होता तो, परत करायला दोन रात्री लागल्या. भाच्याला काय बोलणार, चिन्हं घालवणारा मीच. त्याच दिवशी एलियस काढला.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर दिवाळीनंतर गेलो. तिथं 'डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/एलएस' पहिल्या फटक्यात कोअरयुटिल्स सांगतं, म्हणजे ती तक्रार मिटली. एवढ्या मोठ्या अपग्रेडला मात्र दीड जीबी पुरलं नाही, शेजारच्या मोबाईलवाल्याचं वायफाय मागून घ्यावं लागलं.

डेब-एसआरसीपुढं हॅश परत टाकलाय. कोड रोज थोडाच बघायचाय, याद्यांचे एमबी कशाला घालवा.