मेटल इंजेक्शन मोल्डिंगचं जॉबवर्क करून घेतलं, पूर्ण लॉट हातात आल्यावरचं मत

आमच्या लॉकमधला एक छोटा लिव्हर आहे, एका बाजूला बारीक दाते, दुसरीकडे तिरका स्लॉट आणि मध्ये पिनचं होल, तो आधी सीएनसीवर व्हायचा आणि प्रत्येक जॉब तीन-चार वेळा फिरवून बांधावा लागायचा, वर निम्मं मटेरियल चिप्समध्ये जायचं. आता तोच 17-4 पीएच स्टेनलेसमध्ये एमआयएमने, म्हणजे मेटल इंजेक्शन मोल्डिंगने करून घेतला: धातूची पावडर मेण-प्लास्टिकसारख्या बाइंडरमध्ये मिसळून डायमध्ये दाबायची, मग भट्टीत भाजायची.

मला सगळ्यात भावलं ते म्हणजे कोटेशनच्या आधीच जॉबवर्कवाल्यांनी फोन करून डिझाईन बदलायला लावलं. जाड भाग खालून पोकळ करा म्हणाले, आणि एक बाजू सपाट ठेवा म्हणजे भट्टीत सेटरवर (पार्ट ठेवायच्या प्लेटवर) नीट बसेल. हे नखरे नाहीत हो! 20 मायक्रॉनच्या आसपासची किंवा त्याहून बारीक पावडर, तिच्यात आकारमानाने साधारण 40 टक्के बाइंडर, तो काढून सिंटरिंग केलं, म्हणजे भट्टीत तापवून पावडरचे कण एकजीव केले, की प्रत्येक माप 15 ते 20 टक्के आकसतं, म्हणून डाय तेवढ्या हिशोबाने मोठीच काढतात. जाड भागातून बाइंडर निघायला वेळ लागतो, घाई केली की फुगे नाहीतर तडे, आणि टेकू नसला की पार्ट वाकतो.

दाते अप्रतिम आलेत, सगळे एकसारखे. डेन्सिटी भरीव धातूच्या 97 टक्क्यांच्या वर, एजिंगनंतर (कडक करायला परत तापवतात ते) हार्डनेसही बरोबर. पिनचं होल मात्र रीमर मारूनच घ्यावं लागलं, कारण सिंटरिंगनंतर मापाच्या ±0.3 ते 0.5 टक्के एवढाच भरवसा, पण हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. नाराजी एकच, गेटची, म्हणजे डायमध्ये माल शिरतो त्या तोंडाची, खूण दिसणाऱ्या बाजूला आली आणि तिथे पॉलिशिंगचा खर्च वाढला, डाय बनवताना एकदा विचारायला हवं होतं.

दातांच्या ब्रेसेसचे ब्रॅकेट, दुर्बिणीच्या ऑपरेशनमधल्या चिमट्यांचे जबडे, फोल्डिंग फोनचे बिजागर, टर्बोचे व्हेन, असे छोटे, गुंतागुंतीचे आणि हजारोंनी लागणारे पार्ट असतील तर बिनधास्त करा. शे-दोनशे नगांसाठी डायचा खर्च निघत नाही, आणि साधा गोल बुश असेल तर लेथच बरा. ऑर्डर देताना गेट कुठे येणार ते ड्रॉइंगवर लिहून घ्या आणि प्रत्येक भट्टीच्या लॉटचा डेन्सिटी रिपोर्ट मागा, आम्हाला न मागता मिळाला.