अर्ध्या किलोच्या प्लेट्स: प्रेस अडकला असेल तर घ्याच

ओव्हरहेड प्रेस (उभं राहून बार खांद्यांवरून डोक्यावर ढकलायचा व्यायाम) चार महिने 40 किलोवर अडकला होता राव. आमच्या जिममधे सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक लावली की पुढची उडी थेट 45, आणि 40 वर 5 म्हणजे साडेबारा टक्के होतात, स्क्वॉटला (बार खांद्यावर घेऊन बैठका) खपून जातं पण खांद्यांना नाही झेपत. शेवटी अर्ध्या किलोच्या प्लेट्सच्या चार जोड्या मागवल्या. आल्या आल्या त्यातल्या दोन किचनच्या काट्यावर ठेवल्या, एक 498 ग्रॅम, दुसरी 503, एवढं चालतं. मग दर आठवड्याला फक्त 1 किलो वाढवत गेलो, दोन सेट्सच्या मधे तीन-चार मिनिटं आराम, आणि सहाव्या आठवड्यात 45 चे तीन रेप्स (सलग तीन वेळा) स्वच्छ निघाले, कंबर मागे न झुकवता!! (याच झुकण्यामुळे जज करणं अवघड झालं आणि 1972 नंतर ऑलिम्पिकमधून प्रेस काढून टाकला.)

तक्रार एकच, भोक जरा मोठं आहे त्यामुळे प्लेट बारवर खडखडते, कॉलर (प्लेट सरकू नये म्हणून बारवर लावायची क्लिप) घट्ट लावा. रंगही कडेने उडतोय. तरी पाचपैकी साडेचार स्टार, बॅगेत कायम असतात आता.