शब्दांची पेटी: नऊ महिने वापरल्यावर

स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलसाठी, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेसाठी, इंग्रजी शब्दसंग्रह पाठ करायला मी मागच्या जूनपासून एक पेटी वापरतेय. बुटांचा रिकामा खोका, आत पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून केलेले पाच कप्पे आणि प्रिंटिंगच्या दुकानातून कापून आणलेली कार्डं. मूळ पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराची, 1972 मधली. पुढे शब्द, मागे अर्थ असं नवं कार्ड पहिल्या कप्प्यात टाकायचं. अर्थ आठवला तर ते पुढच्या कप्प्यात जातं, नाही आठवला तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरा दिवसांनी.

त्याआधी दोनशे पानी वही होती. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज वाचायचे आणि सगळं येतंय असं वाटायचं, कारण अर्थ समोरच दिसत असायचा. सराव पेपरात तोच शब्द एकटा आला की डोकं कोरं. टिअर-1 मध्ये, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे 25 प्रश्न 50 गुणांचे, आणि एक उत्तर चुकलं की अर्धा गुण वजा. टिअर-2 ला तर 45 प्रश्न, प्रत्येकी 3 गुण, चुकलं की 1 वजा. तिथे ‘बहुतेक हेच असेल’ म्हणून खूण केलेली महागात पडते.

पेटीचे पहिले दोन महिने मात्र मी वाया घालवले, हे आधीच सांगते. कार्डाच्या मागे फक्त मराठी अर्थ लिहीत होते. ‘फ्रुगल’च्या मागे ‘कमी खर्च करणारा’ आणि ‘मायझरली’च्या मागेही तेच. दोन्ही कार्डं मजेत पाचव्या कप्प्यात पोचली. मग एका सराव पेपरात ‘फ्रुगल’चा समानार्थी विचारला, पर्यायांत ‘थ्रिफ्टी’ आणि ‘मायझरली’ दोन्ही होते, आणि मी ‘मायझरली’वर खूण करून आले. माझी आजी काटकसरी, म्हणजे फ्रुगल किंवा थ्रिफ्टी, होती. तिला कुणी चिक्कू, म्हणजे मायझरली, म्हटलं असतं तर मी भांडले असते. हा फरक मराठीत मला लहानपणापासून कळतो, फक्त कार्डावर आला नव्हता. त्या दिवशी दोन्ही कार्डं फाडून नवी लिहिली: मागे मराठी शब्द, एक छोटं वाक्य, आणि कोपऱ्यात अधिक किंवा उणे, म्हणजे शब्द कौतुकाचा की टोचणारा. पेटीचा खरा उपयोग तिथून सुरू झाला.

दुसरा बदल शब्दांच्या मुळांचा. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, त्यामुळे लांबलचक शब्द दिसले की धास्ती वाटायची. ‘मॅग्नॅनिमस’ आणि ‘पुसिलॅनिमस’ ही दोन कार्डं तर सारखी पहिल्या कप्प्यात परत यायची. मग कळलं की दोन्हींत लॅटिन ‘ॲनिमस’ आहे, म्हणजे मन. ‘मॅग्नस’ मोठा, ‘पुसिलस’ इवलासा. मदनमोहन मालवीयांना आपण महामना म्हणतो, तोच शब्दशः मॅग्नॅनिमस. आणि इवल्याशा काळजाचा तो भेकड. ‘युनॅनिमस’ म्हणजे एकमताचा आणि ‘इक्वॅनिमिटी’ म्हणजे समचित्तता, हेही त्याच घरातले. एका संध्याकाळी चार कार्डं सुटली. शब्दसमूहाऐवजी एक शब्द विचारणाऱ्या प्रश्नांत ‘मॅट्रिसाइड’, ‘पॅट्रिसाइड’, ‘फ्रॅट्रिसाइड’ म्हणजे आईची, वडिलांची, भावाची हत्या, यांचीही सरमिसळ व्हायची. मातृ, पितृ, भ्रातृ शेजारी लिहिलं आणि पुन्हा कधी चुकलं नाही. हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी 1786 मध्येच कलकत्त्यात मांडलं होतं. आपल्याला हा आधार घरातच मिळालाय, तो वापरायलाच हवा.

पेटी कुठे कमी पडते? स्पेलिंगला. कार्ड बघून ‘अकॉमोडेट’ येतंय असं वाटतं, पण दोन सी आणि दोन एम हे लिहिल्याशिवाय हाताला लागत नाही. त्या कार्डांवर मी आता पुढे मराठी अर्थ ठेवते आणि इंग्रजी शब्द कागदावर लिहून मगच उलटवते. उच्चारही पेटी सांगत नाही, ते मोबाइलवर ऐकावे लागतात. पावसाळ्यात कार्डं सादळतात आणि शाईपेनाची अक्षरं पसरतात, म्हणून बॉलपेनच बरं.

सगळ्यात मोठी अडचण खंड पडण्याची. दिवाळीत सहा दिवस बार्शीला घरी गेले, पेटी पुण्यात अभ्यासिकेत राहिली. परत आले तेव्हा तीनशेच्या वर कार्डं एकदम बघायची झाली होती. एका दिवसात उरकायला गेले आणि निम्मी चुकली, रडायचीच बाकी होते. शेवटी दहा दिवस एकही नवा शब्द घेतला नाही, रोज साठ जुनी, बस. आता गावी जाताना पहिले दोन कप्पे रबर लावून पिशवीत टाकते.

शब्द निवडले ते मागच्या प्रश्नपत्रिकांतून. जाड याद्यांच्या मी नादी लागले नाही, रोज बाराच नवे. आज पेटीत साधारण अठराशे कार्डं आहेत, निम्म्याहून जास्त पाचव्या कप्प्यात. सराव पेपरात इंग्रजीचे 25 पैकी तेरा-चौदा बरोबर यायचे, ते आता वीस-एकवीसवर स्थिरावलेत. यात व्याकरणाच्या सरावाचाही वाटा आहे, सगळं श्रेय पेटीला देणार नाही.

परीक्षा महिन्यावर आली असेल तर पेटी करत बसू नका, जुने पेपर सोडवा. हाताशी चार-सहा महिने असतील तर आजच खोका शोधा, आणि पहिल्या कार्डापासूनच मागे वाक्य लिहा.