मका वाळवायची भट्टी: डिझेल, गॅस, वीज की कणसं?

ऑक्टोबरात येवला-वैजापूर पट्ट्यातला मका 22 टक्के ओलाव्याने खळ्यावर येतो. बाजाराला हवा 14 टक्के. म्हणजे क्विंटलमागे 9.3 किलो पाणी उडवायचं. ड्रायरला किलोभर पाण्यामागे 5 मेगाज्यूल उष्णता धरली तर क्विंटलला 46-47 मेगाज्यूल लागते. पंख्याची वीज सगळीकडे सारखीच, ती वेगळी.

डिझेल सर्वांत महाग: क्विंटलला 1.65 लिटर, म्हणजे 91 रुपयांच्या दराने 150 रुपये. उष्णता-विनिमयक (धूर नळ्यांत ठेवून फक्त उष्णता हवेला देणारा भाग) न लावता थेट जाळलं तर दाण्याला वास लागतो.

गॅस थेट हवेत जळतो, त्यामुळे किलोभरात काम होतं. 19 किलोची व्यावसायिक टाकी 1,750 रुपयांची धरली तर 92 रुपये. पण एकाच टाकीतून तासाला दहा किलो ओढायला गेलात तर टाकीवर बर्फ धरतो, दाब पडतो आणि बर्नर विझतो. चार-सहा टाक्या एका मॅनिफोल्डवर, म्हणजे सामाईक नळीवर, जोडाव्याच लागतात.

विजेच्या हीटरला क्विंटलमागे 13 युनिट, 8 रुपयांनी 104. आकडा बरा वाटतो, पण तासाला दहा क्विंटल वाळवायचे तर 130 किलोवॅटचा भार. शेतातल्या कुठल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) तो मिळणार?

उरली दाणे काढलेली कणसं. भट्टीची कार्यक्षमता 60 टक्के धरूनही क्विंटलला 5 किलो पुरतात, आणि मळणीत त्याच्या तिप्पट निघतात. इंधन घरचं, खर्च तो भट्टी, विनिमयक आणि आग राखायला एक माणूस एवढाच. कणसं पावसात भिजली तर नुसता धूर होतो, ताप चढत नाही. विनिमयकाच्या नळीला चीर गेली की तो धूर दाण्यात उतरतो, म्हणून हंगामाआधी नळ्या तपासाच.

वर्षाला शे-दोनशे क्विंटल मका असेल तर यातलं काहीच घेऊ नका. ताडपत्री आणि ऊन, नाहीतर भाड्याचा ड्रायर. त्यापुढे आमचा कौल कणसांनाच, गॅसचा बर्नर राखीव.

इंधनाखेरीज पैसा जादा वाळवण्यातही जातो. 14 ऐवजी 12 टक्क्यांवर नेलं तर क्विंटलमागे आणखी 2 किलो वजन उडतं. 2025-26 च्या 2,400 रुपये हमीभावाने ते 50 रुपये झाले. गॅस 15 टक्क्यांवर बंद करून गार हवा चालू ठेवता येते, उरलेला टक्का त्यातच जातो. कणसांची आग अशी झटकन विझत नाही. म्हणून भट्टी घेताना गरम हवा बाहेर वळवणारी झडप आहे का, ते आधी बघा.