सिंथ काढून घेतला तर ‘आ-हा’चं काय उरतं? ‘एमटीव्ही अनप्लग्ड: समर सॉल्स्टिस’

‘आ-हा’ या नॉर्वेच्या पॉप बँडच्या ‘टेक ऑन मी’ची ती जगप्रसिद्ध धून मिनिटाला १६९ ठोक्यांच्या वेगाने पळते. एका ठोक्यात दोन स्वर, म्हणजे एकेका स्वराच्या वाट्याला सेकंदाचा पाचवा हिस्साही येत नाही. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती रोलँड जूनो-६० सारख्या सिंथवर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणाऱ्या कीबोर्डवर (सिंथेसायझर), वाजली. सिंथचा गुण असा की पट्टी दाबून धरली की स्वर तेवढ्याच ताकदीने उभा राहतो. पियानो किंवा गिटार तसं करत नाही. तार छेडल्याक्षणी आवाज उतरायला लागतो. वेग जास्त असेल तर पुढचा स्वर येऊन ती पोकळी झाकतो, वेग कमी केला की दोन स्वरांमधली भोकं ऐकू येतात. सिंथवर उभ्या असलेल्या बँडने अनप्लग्ड, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय, वाजवायचं ठरवलं की प्रत्येक गाण्यात आधी हाच प्रश्न सोडवावा लागतो. या अल्बमची मजा आणि त्याच्या उणिवा, दोन्ही तिथूनच निघतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. मॉर्टन हार्केट (गायन), माग्ने फुरुहोल्मन (कीबोर्ड) आणि पॉल वॉक्टार-सॅवॉय (गिटार) हे त्रिकूट १९८२ साली ऑस्लोत जमलं. ४ डिसेंबर २०१० रोजी त्याच शहरात त्यांनी रीतसर निरोपाचा कार्यक्रम केला. निरोप जेमतेम पाच वर्षं टिकला. २०१५ मध्ये ‘कास्ट इन स्टील’ हा नवा अल्बम घेऊन तिघं परत आले. जून २०१७ मध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑलेसुंडजवळच्या गिस्के बेटावर, मोजक्या श्रोत्यांसमोर त्यांनी सलग दोन संध्याकाळ वाजवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा अल्बम बाजारात आला. दोन सीडी, साधारण दीड तास. याशिवाय तीन एलपींचा संच आहे आणि चित्रीकरणासह डीव्हीडी व ब्लू-रेही.

पुन्हा एकत्र आलेले बँड बहुतेकदा दोनपैकी एक मार्ग धरतात. एक तर मूळ ध्वनिमुद्रणातले ट्रॅक मागे चालू ठेवायचे आणि त्यावर गायचं. नाहीतर पट्टी एक-दोन स्वरांनी खाली आणायची, ड्रम मोठे करायचे आणि उंच जागा प्रेक्षकांच्या तोंडी द्यायच्या. इथे तिसराच मार्ग आहे. मांडणीचं काम लार्स हॉर्नट्वेट यांच्याकडे दिलं. हे नॉर्वेच्या ‘यागा याझिस्ट’ या जॅझ-मिश्र बँडचे संगीतकार, म्हणजे पॉपच्या सवयी नसलेला माणूस. त्यांनी सिंथचा भाग जसाच्या तसा पियानोवर उतरवला नाही, तिथेच अर्धी लढाई जिंकली. लांब धरलेले स्वर व्हायोलिन-चेलोसारख्या गजाच्या वाद्यांकडे गेले, कारण गज चालतो तोवर स्वर उतरत नाही. यंत्रावरचा ठोका खऱ्या ड्रमवाल्याकडे आला आणि त्यानेही हात आखडता ठेवला. वाद्यं बरीच आहेत, पण एका वेळी थोडीच वाजतात.

आता ज्यासाठी बहुतेक लोक हा अल्बम शोधतात त्या गाण्याकडे. ‘टेक ऑन मी’ इथे साधारण निम्म्या वेगात आहे. गाण्याची मालकी धुनेकडून काढून गळ्याकडे दिली आहे, आणि मग मूळ चालीत काय दडलंय ते दिसतं. गाणं ए मेजर या पाश्चात्त्य सुरावटीत आहे, त्यातला ए म्हणजे षड्ज धरा. मूळ गाण्यात ध्रुवपद मंद्र षड्जापासून सुरू होतं आणि पायरी पायरीने चढत तार पंचमाला पोचतं. अडीच सप्तकांचा हा पल्ला पॉप गाण्यात विरळाच. त्याच वेळी खालचा बेस उलट दिशेने, सा-नी-ध-म असा उतरत असतो. गळा वर, पाया खाली. १६९ च्या वेगात हे ताणलं जाणं अंगाला जाणवतं, पण कानाला कळत नाही. निम्म्या वेगात दोन्ही रेषा सुट्या ऐकू येतात, आणि हे नाचायचं गाणं मुळात विनवणीचं आहे हे पटतं. ‘डेडपूल २’ या २०१८ च्या चित्रपटात हीच आवृत्ती वापरली, तीही गंभीर प्रसंगात.

वेग कमी केला की गायकाचं काम सोपं होतं असं वाटेल. उलट आहे. ओळ लांबते, म्हणून श्वास लांबवावा लागतो. वर सिंथ आणि ड्रमची भिंत नसल्यामुळे सुराचा केसभर ढळही उघडा पडतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो तार पंचम फॉल्सेटोतच (नेहमीच्या आवाजाच्या वरच्या, पातळ आवाजात) आहे, पण तिथे तो जोरात येतो. इथे हलक्या आवाजात घ्यायचा आहे, आणि फॉल्सेटोत आवाज कमी केला की स्वराबरोबर हवा गळायला लागते, कधी स्वरच तुटतो. हार्केट तेव्हा ५७ वर्षांचे होते. आवाजाला थोडी खरखर आली आहे, गुळगुळीतपणा कमी झाला आहे, पण सूर जागेवर आहे. जून २०२५ मध्ये त्यांना पार्किन्सन्स असल्याचं बँडने जाहीर केलं, आणि आवाजावर त्याचा परिणाम होत असल्याचंही सांगितलं. त्या गळ्याचा इतक्या जवळून घेतलेला दस्तऐवज म्हणूनही या अल्बमला आता वेगळं मोल आलंय.

हे गाणं काही पहिल्यांदाच बदललं जात नाहीये. धुनेचं मूळ पॉल आणि माग्ने यांच्या ‘ब्रिजेस’ या आधीच्या बँडपर्यंत जातं. १९८४ मध्ये निर्माते टोनी मॅन्सफिल्ड यांनी केलेली आवृत्ती पडली. १९८५ मध्ये दुसरे निर्माते अ‍ॅलन टार्नी यांनी पुन्हा बांधली, पेन्सिलच्या रेघांमधून चालत येणाऱ्या त्या व्हिडिओची जोड मिळाली आणि ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे ‘मूळ’ म्हणून आपण जी ऐकतो तीही दुरुस्त आवृत्तीच. अनप्लग्डला नाकं मुरडणाऱ्या जुन्या चाहत्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ मात्र पूर्ण वठत नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे त्यांचं एकमेव गाणं, आणि त्याची ताकद विरोधाभासात आहे. संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखी सुरुवात आणि मग अचानक कोसळणारा ड्रम-गिटारचा डोंगर. डोंगरच काढला तर सुरुवातीला अर्थ उरत नाही. पाहुण्या गायिका इंग्रिड हेलेने होविक यांचा आवाज नितळ आहे, दोन गळे छान मिसळतात, तरी गाणं ज्या क्षणाची वाट पाहायला लावतं तो क्षण येत नाही. ‘मॅनहॅटन स्कायलाइन’चीही अडचण तीच. कडवं मऊ, ध्रुवपद रांगडं, आणि रांगडेपणासाठी विजेची गिटार लागते. साध्या गिटारवर कितीही जोरात हात मारला तरी तार खडखडते, आवाज दाट होत नाही.

‘द लिव्हिंग डेलाइट्स’ने सुखद धक्का दिला. १९८७ चं हे बाँडपटाचं शीर्षकगीत संगीतकार जॉन बॅरी यांच्या वाद्यवृंदासह बांधलेलं, भपकेबाज. इथे भपका गळाला आणि खालची काळोखी चाल वर आली. ‘हंटिंग हाय अँड लो’ जवळजवळ तसंच आहे, कारण ते मुळातच साध्या गिटारवर उभं होतं. न बदलण्याचं शहाणपण दाखवलं हे बरं.

पाहुण्यांचं पारडं खालीवर होतं. ‘समर मूव्हड ऑन’मध्ये हार्केट यांनी २००० साली एकच स्वर २० सेकंद धरून ठेवला होता. त्या विक्रमामुळे या गाण्याकडे बरीच वर्षं सर्कशीतल्या खेळासारखं पाहिलं गेलं. ‘याझू’ या ब्रिटिश सिंथ-पॉप जोडीतल्या गायिका अ‍ॅलिसन मोये यांचा जाड, खालचा आवाज शेजारी आल्यावर ते दोघांचं संभाषण होतं आणि विक्रमाची आठवण मागे पडते. संपूर्ण अल्बममधली सर्वांत चांगली जोडी हीच. गायक इयन मॅककलॉक यांच्यासोबत त्यांच्याच ‘एको अँड द बनीमेन’ या ब्रिटिश रॉक बँडचं ‘द किलिंग मून’ गायलं आहे. आदरांजली म्हणून ठीक, पण त्या गाण्याला आधीच पुरेसा अंधार आहे, इथे नवं काही हाती लागत नाही. ‘दिस इज अवर होम’ आणि ‘अ ब्रेक इन द क्लाउड्स’ ही दोन नवी गाणी नीटस आहेत, पुन्हा लावावीशी वाटतीलच असं नाही.

खरी तक्रार वेगाबद्दल आहे. एकवीस गाणी, आणि त्यातली बरीच मंद किंवा मध्यम लयीत. सलग ऐकलं तर पहिल्या सीडीच्या उत्तरार्धात कान मंदावतात. दोष गाण्यांचा नाही, क्रमाचा आहे. म्हणून एका बैठकीत ऐकू नका. एलपीचा संच घेतला तर ही अडचण आपोआप सुटते, कारण बाजू बदलायला उठावंच लागतं. आणखी एक. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम अर्धा मरतो. बेसचे खालचे स्वर तिथे उमटतच नाहीत आणि वर सांगितलेली ती उतरती रेषा गायब होते. साधा, पण कान झाकणारा हेडफोन पुरे. आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवावा लागेल, कारण रेकॉर्डिंग दाबून सपाट केलेलं नाही.

सीडी की चित्रीकरण? वाद्यांची जुळणी समजून घ्यायची असेल, स्वतः वाजवत असाल, तर ब्लू-रे घ्या. कोणत्या गाण्यात कोण वाजवत नाही हे पाहण्यातच निम्मं शिक्षण आहे. फक्त ऐकायचं असेल तर दोन सीडींचा संच पुरतो. बँडशी ओळख नसेल तर सुरुवात इथून करू नका. आधी १९८५ चा पहिला अल्बम ऐका, मग हा, म्हणजे काय काढलं ते कळेल. आणि सिंथ, दिवे, हजारो माणसांचा कोरस हेच हवं असेल तर २०१० च्या निरोपाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ‘एंडिंग ऑन अ हाय नोट’ नावाने मिळतं. पैसे तिकडे घाला.